छकड्याची मागची जागा

अक्तीच्या दिवशी विनोद बेबीबाईच्या घरी जेवायला जायचा, पण विनोद म्हणून नव्हे. अमर म्हणून.

त्या घरची रीतच तशी होती. अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांना सगळेच जेवू घालतात. कोणी घागर भरतं, कोणी निखाऱ्यावर तूप सोडतं आणि मोकळं होतं. बेबीबाईच्या सासरी मात्र गेलेल्याच्या नावाने एक जिवंत माणूस पाटावर बसवत. घरातला नाही, रक्ताचा नाही, पण गेलेल्याला चांगला ओळखणारा. त्याचे पाय धुवायचे, पळसाच्या पत्रावळीवर हाताने वळलेल्या कणकेचे सरगुंडे, आंब्याचा रस आणि वडे वाढायचे, आणि दिवेलागणीपर्यंत त्याला गेलेल्याच्याच नावाने हाक मारायची. तोवर स्वतःच्या नावाने कोणी हाक मारली तर त्याने ओ द्यायची नाही. दिवा लागला की संपलं. तो आपल्या घरी, पितर आपल्या.

बेबीबाईचा नवरा गोमाजी जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्याच्या जागी शेजारचा भैय्यालाल बसायचा, आणि चांगला रंगून बसायचा. गोमाजीला तिखट चालत नसे म्हणून एरवी मिरच्या चावून खाणारा हा माणूस त्या दिवशी वड्यात मिरी लागली तरी पाणी मागायचा. बेबीबाईच्या मुलाच्या, अमरच्या जागी बसणाऱ्या विनोदला असलं नाटक जमत नसे. अमर कसा जेवायचा हे अख्ख्या अड्याळ गावात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. पण तो मान खाली घालायचा, वाढलेलं संपवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. भिंतीवर अमरचा फोटो होता.

खरं सांगायचं तर वर्षातला तेवढा एकच दिवस त्याला बरा जायचा. दिवेलागणीपर्यंत विनोद नावाच्या माणसाला काही वाटून घ्यायची गरज नसे. आणि वाटून घेणं हीच त्याची मोठी अडचण होती, कारण अमर गेला त्या दिवसापासून त्याला काही वाटतच नव्हतं.

दोघं शाळेत एका बाकावरचे, पुढे भंडाऱ्याला डिप्लोमाला एका खोलीतले. मोटरसायकल अमरची, चालवणार अमर, मागे विनोद. विनोदला गाडी येत नव्हती असं नाही, पण कधी गरजच पडली नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी अमरने कुठूनसा एक व्हिडिओ शोधून आणला. परदेशातली काही मंडळी अंतराळाचा एक खेळ बनवणार होती. 'व्हॉइड हार्बर' त्याचं नाव. खरे वाटावेत असे ग्रह, कुठेही उतरा, चाला, माल वाहा, लढाया करा. खेळ अजून झालेला नव्हता. आधी जगभरच्या लोकांनी पैसे द्यायचे आणि त्या पैशातून खेळ तयार व्हायचा. बदल्यात एक जहाज आजच तुमच्या नावावर, आणि दोन वर्षांत खेळ तुमच्या हातात.

"म्हणजे बयाना आत्ता द्याचा आन् बैल मंग पाहाचा," विनोद म्हणाला होता.

"बैल नाही बे, अख्खा पट," अमर म्हणाला.

पटाचं म्हणजे बैलांच्या शर्यतीचं वेड अमरला गोमाजीकडून आलेलं. दोघांनी पैसे जमवले. परदेशी चालेल असं कार्ड अमरचंच होतं, म्हणून खातं अमरच्या नावाने आणि अमरच्या मोबाइल नंबरावर उघडलं. एकट्याने चालवायची छोटी जहाजं होती, ती अमरने बघितलीसुद्धा नाहीत. त्याने दोन जागांचं घेतलं. समोर चालवणारा, त्याच्या मागे वाट दाखवणारा. जहाजाला नाव द्यायची सोय होती. लोक विजा, गरुड, वादळं असली नावं देत होते. या दोघांनी ठेवलं 'छकडा'. पटात पळणारी ती हलकी गाडी. जगातल्या कोणालाही त्याचा अर्थ कळणार नाही, याचा अमरला फार आनंद झाला होता.

"मी समोर, तू मांगं," त्याने तेव्हाच ठरवून टाकलं.

"मांगं बसून मले काम काय?"

"रस्ता सांगाचा. आन् बोलत राहाचा. मले झोप येते."

दोन वर्षं झाली, चार झाली. खेळ आला नाही असं म्हणता येत नव्हतं, कारण तो तुकड्यातुकड्याने येतच होता. एका वर्षी समुद्राच्या लाटा आल्या. एका वर्षी माणसांच्या कपाळावर घाम आला. एकदा तर कंपनीने जहाजातल्या चहा-कॉफीच्या यंत्रातून वाफ कशी निघते याचा मोठा व्हिडिओ काढला आणि जगभरच्या बिचाऱ्या देणगीदारांनी टाळ्या वाजवल्या. इतकं नीट करायला बसले होते की पुरं करणं जमेना. छोटी जहाजं हळूहळू उडू लागली. दोन जागांची मात्र हँगरमध्ये उभीच. त्यांच्याभोवती फिरता येई, त्यांना हात लावता येई, इतकंच. विनोदने स्वतःचंही एक साधं खातं उघडलं, त्यात नुसता माणूस होता, जहाज नाही. रविवारी दोघं आपापल्या ठिकाणाहून आत जात आणि छकड्याशेजारी उभे राहून गप्पा मारत. अमर तेव्हा नागपूरला मोबाइल टॉवरच्या कामावर होता, आणि विनोदने गावात फ्लेक्स छापायचं दुकान टाकलं होतं.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. पानठेल्यावरचा पिंटू विनोद दिसला की विचारायचा, "विनोदभाऊ, जहाज कुठवर आलं? पवनीचा पूल लागला का?" त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. विनोद म्हणायचा, "निघालं आहे."

मग एका हिवाळ्यात, धान बांधीतून घरी येण्याच्या दिवसांत, पवनीच्या रस्त्यावर अमरच्या मोटरसायकलला रानडुक्कर आडवं गेलं. मागची जागा रिकामी होती. विनोद दुकानात कोणाच्यातरी लग्नाचं बॅनर करत होता.

विनोदने सगळं केलं. तळ्याच्या पाळीवर लाकडं रचायला तोच होता, नागपूरहून मित्र आले त्यांची सोय बघायला तोच होता. श्रद्धांजलीचं फ्लेक्सही त्यानेच केलं, दुसरा करणार कोण? अमरचा चांगला फोटो एकच सापडला. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत काढलेला, चौकड्यांच्या शर्टातला, हसणारा. पण त्यात शेजारी विनोद होता आणि विनोदचा हात अमरच्या खांद्यावर होता. फ्लेक्सवर माणूस एकटा लागतो. विनोदने कॉम्प्युटरवर स्वतःला कापून काढलं. खांद्यावर चार बोटं उरली, ती शर्टाच्या बाजूच्या चौकड्या उचलून एक-एक करून बुजवली.  काम संपल्यावर त्याने लांबून बघितलं आणि चौकड्या थोड्या जुळत नाहीत एवढंच त्याच्या मनात आलं. तोच फोटो पुढे बेबीबाईच्या भिंतीवर लागला.

लोक म्हणाले, दगड आहे. तो दगड नव्हता. भाजलेल्या जिभेला दोन-चार दिवस चव लागत नाही तसं झालं होतं, फक्त दोन-चार दिवसांत गेलं नाही. बायको तृप्तीने एकदा न राहवून म्हटलंच, "तुमच्याजवर बसलं का भिंतीजवर बसल्यासारखं वाटते." त्याला वाईट वाटायला हवं होतं. तो म्हणाला, "कूलरमध्ये पानी टाकलं का?"

त्याने मनाशी एक गोष्ट मात्र ठरवून ठेवली होती आणि तिच्यावर तो दिवस ढकलत होता. छकडा उडेल तेव्हा बघू. तेव्हा काय वाटायचं ते वाटेल, रडायचं तर रडू. तोवर नको. इतकं लांबवण्याइतकी सवय कंपनीने त्याला लावलीच होती.

अमरचं खातं उघडायचं तर दर वेळी त्याच्या नंबरावर एक कोड यायचा. अमरचं सिम बेबीबाईच्या बटणांच्या फोनमध्ये होतं. तिने ते बंद होऊ दिलं नव्हतं. विनोद दुकानातून शेजारच्या भैय्यालालच्या फोनवर तिला बोलवायचा आणि बेबीबाई आपल्या फोनवर आलेला कोड वाचायची, अंगणवाडीत पोरं वाचतात तशी, प्रत्येक आकड्यावर थांबून. मग दर वेळी विचारायची, "आला का जहाज?" दर वेळी विनोद सांगायचा, "नाही काकू, याचा आहे." दोघांचं बोलणं वर्षानुवर्षं इतकंच होतं आणि दोघांनी त्यात एक आकडाही वाढवला नाही.

या वर्षी चैत्रात कंपनीने जाहीर केलं की दोन जागांची जहाजं उडणार. तारीख दिली, ती नेमकी अक्तीची. अशा तारखा त्यांनी आधीही दिल्या होत्या, म्हणून विनोद हलला नाही. पण त्याच आठवड्यात बेबीबाईच्या घरून दुसरी बातमी आली. तिची मुलगी रीता आणि जावई हेमराज तिला कायमचं तुमसरला घेऊन जाणार होते. गुडघे दुखतात, एकटीने किती दिवस राहायचं? अक्ती झाली की संध्याकाळी निघायचं. हेमराजने तिच्यासाठी नवा फोन घेतला होता, नवा नंबर घातलेला. जुन्याचं रिचार्ज संपत आलं होतं आणि ते आता मारायचं नाही, असं खुद्द बेबीबाईनेच सांगितलं होतं.

"आता आपून तिकडं जाऊन राहिलो, याचा काय काम," ती म्हणाली.

विनोदने हो म्हटलं. घरी जाऊन बसल्यावर त्याला कळलं की सिम गेलं की कोड गेला, कोड गेला की खातं गेलं, आणि छकडा त्या खात्यात आहे. कंपनीने तारीख पुन्हा पुढे ढकलली तर तो कधीच उडणार नव्हता. त्याने कंपनीच्या पानावर जाऊन तारीख पुन्हा बघितली, तीच होती. 

अक्तीला ऊन मरणाचं होतं. घरात निम्मं सामान बांधलेलं, पोत्यांमधून वाट काढत भैय्यालाल आणि विनोद पाटावर बसले. बेबीबाईने दोघांचे पाय धुतले. वाढताना ती म्हणाली, "अमर, रस घे." विनोदने घेतला. भैय्यालालने गोमाजीच्या आवाजात वड्यांना नाव ठेवलं. रीता हसली आणि हसता हसता आत गेली. विनोदने भिंतीवर बघितलं. फोटो अजून काढला नव्हता, तो शेवटी काढायचा होता. उजव्या खांद्यावरच्या चौकड्या अजूनही जुळत नव्हत्या, जुळणार तरी कशा?

जेवण होताच त्याच्या मोबाइलवर सूचना आली. अपडेट आलं होतं. खरंच आलं होतं.

त्याने ती बेबीबाईला दाखवली. तिला त्यातलं काही वाचता येत नव्हतं. तिने पदराला हात पुसले, बटणांचा फोन कमरेच्या बटव्यात टाकला आणि म्हणाली, "चाल."

"फोनवर सांगा न काकू. उन्हाचं कायले येता?"

"आज येतो. उद्या मी इथं नाही."

रस्त्याने पिंटूने दोघांना जाताना बघितलं. त्या दिवशी तो विनोदला कधी हाक मारत नसे, कारण कोणत्या नावाने मारायची हा प्रश्नच होता. त्याने नुसती मान हलवली.

दुकानात दोन कॉम्प्युटर होते. नवा डिझाइनचा, जुना झेरॉक्सवाल्या गिऱ्हाइकांसाठीचा. कूलर लावला, शटर अर्धं खाली ओढलं, टिनाच्या छपरातून ऊन खाली उतरत होतं. डाउनलोड संपायची दोघं वाट बघू लागली. छापून ठेवलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर एक पुढारी गॉगल लावून हसत होता. बेबीबाईने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं.

"अमरच्या फोटोतून तू आपला हात काढला न," ती म्हणाली.

"फ्लेक्सवर एकटाच पाहिजे असते काकू."

"मले पहिल्याच दिवशी दिसला. तिथं हात होता."

विनोद पडद्याकडे वळला. त्याने माउस हलवला. पट्टी भरत आली होती.

जुन्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतःचं खातं उघडलं. नव्यावर अमरचं. कोड मागितला. बेबीबाईच्या बटव्यातला फोन वाजला. तिने तो डोळ्यांपासून लांब धरला आणि नेहमीसारखं एक-एक आकडा थांबून वाचून दाखवलं. हँगर उघडला. छकडा उभा होता. बाजूवर इंग्रजीत नाव.

आता खरी अडचण आली. इतकी वर्षं विनोदने हा दिवस डोळ्यांसमोर आणला होता तेव्हा तो नेहमी मागे बसलेला असायचा आणि समोर अमर असायचा. अमरच्या खुर्चीत कोण बसणार, हा विचार त्याने केलाच नव्हता. हुशार माणूस, दोन कॉम्प्युटर, दोन खाती, आणि एवढी साधी गोष्ट सुटली. तो दोन खुर्च्यांच्या मध्ये उभा राहिला.

बेबीबाईला त्यात अडचण दिसली नाही. "आज तू अमर होऊन बसला आहेस न? मंग तूच चालव. तुझ्या जागी मी बसतो."

तिच्या बाजूने ते अगदी सरळ होतं. तिने जुन्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढली आणि पदर सावरून बसली. विनोदने तिच्यासाठी आपल्या माणसाला जहाजात चढवलं, मागच्या जागेवर बसवलं आणि सांगितलं की कशालाही हात लावायचा नाही. मग तो नव्या कॉम्प्युटरवर आला, अमरला चढवलं, समोर बसवलं.

"हा समोरचा अमर का?" बेबीबाईने विचारलं. तिच्या पडद्यावर एका हेल्मेटची मागची बाजू होती.

"हो."

"पाठच दिसून राहिली."

"मांगच्याले तेवढंच दिसते काकू."

विनोदने यंत्र सुरू केलं. छकडा हलला, एका पायावर कलला, हँगरच्या भिंतीला घासला आणि वर निघाला. चालवणाऱ्याला सवय नव्हती हे स्पष्ट होतं. खाली ग्रह पसरला, काळा, राखेच्या पट्ट्या असलेला.

"मोहफुलं वेचाच्या आंधी पाला जाळते तशी जमीन आहे," बेबीबाई म्हणाली.

विनोद वाट बघत होता. उडेल तेव्हा वाटेल असं त्याने ठरवलं होतं, आणि जहाज तर उडत होतं. त्याने छातीत बघितलं. काही नव्हतं. दहा वर्षांहून जास्त थांबून, एका माणसाला जाळून, आज हे उडत होतं आणि त्याला बॅनरला बॉर्डर टाकताना वाटायचं तेवढंसुद्धा वाटत नव्हतं. तो घाबरला. भीती मात्र वाटली, ती खरी होती. हेही गेलं तर मग कशाची वाट बघायची?

ढगांच्या वर गेल्यावर जहाजाला एक झटका बसला आणि अमर खुर्चीतून खाली घसरला.

खुर्चीतून, मग जमिनीतून, मग जहाजाच्या बाहेर. कंपनीची चूक होती, कुठल्यातरी जोडणीत राहिलेली. जगभर त्या दुपारी कित्येक लोक असेच आपापल्या जहाजातून गळून पडले असतील आणि शिव्या देत असतील. विनोदच्या पडद्यावर अंधार फिरू लागला. त्या अंधारात एकदा छकडा दिसला. तो पुढे चालला होता, दिवे लागलेले, समोरची खुर्ची रिकामी. काचेच्या आत मागच्या जागेवर एक माणूस बसला होता, दोन्ही हात मांडीवर, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. कोणी काही सांगेपर्यंत तसाच बसून राहणारा.

तो विनोद होता. इतक्या वर्षांत विनोदने स्वतःला त्या जागेवरून कधी बघितलं नव्हतं.

मग पडदा काळा झाला आणि खेळ अमरला बाहेर काढून पुन्हा दाराशी घेऊन आला. कोड मागितला. बेबीबाईच्या हातातला फोन वाजला.

"सांगा काकू," विनोद म्हणाला. बोटं बटणांवर ठेवून तो थांबला.

ती सांगेना. त्याने वळून बघितलं. बेबीबाई तिच्या पडद्याकडे बघत होती. तिथे छकडा अजून चालला होता, सरळ, कोणी न चालवता.

"काकू, कोड. तो जाईन नाही तं."

"वाचून का होते? पुन्हा बसवशीन, पुन्हा पडन." तिने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "समोरची जागा खाली आहे."

"हो."

"मंग तू मांगं काहून बसून आहेस?"

विनोदने तिच्या पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. 

"विनोद," ती म्हणाली. "समोर ये."

शटरखालून ऊन आत येत होतं. दिवेलागणी फार लांब होती. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून बेबीबाईने ही रीत एकदाही मोडली नव्हती. सासऱ्यांच्या जागी बसलेल्या म्हाताऱ्याला ऊन लागून चक्कर आली तेव्हासुद्धा तिने त्याला सासऱ्यांच्याच नावाने हाक मारली होती. विनोदने रीतीप्रमाणे ओ दिली नाही.

"दिवा नाही लागला काकू," तो म्हणाला.

"लागन तवा लागन. विनोद, तुलेच म्हणून राहिली."

"हो," विनोद म्हणाला.

तो अमरच्या खुर्चीतून उठला आणि जुन्या कॉम्प्युटरपाशी आला. बेबीबाईने खुर्ची सोडली. विनोद बसला. त्याला माहीत होतं की हे होणार नाही. जहाज अमरच्या खात्यातलं आहे, दुसऱ्याला समोर बसू देणार नाही, लाल अक्षरांत नकार येईल. तरी त्याने त्या माणसाला उठवलं, दोन पावलं चालवलं आणि समोरच्या खुर्चीपाशी बटण दाबलं.

नकार आला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक हिरवी ओळ आली. चालक विनोद, परवानगी अमर.

अमरने कधीतरी ती देऊन ठेवली होती. हँगरमध्ये नुसतं उभं राहायच्या दिवसांत, एखाद्या रविवारी, बोलता बोलता. सांगितलं नव्हतं. मी समोर, तू मांगं असं म्हणत म्हणत त्याने ते करून ठेवलं होतं, आणि विनोदने मागच्या जागेवरून कधी उठून बघितलंच नव्हतं.

विनोदने ती ओळ वाचली आणि त्याच्या खांद्यापासून काहीतरी खाली उतरलं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर पायाला मुंग्या येतात तशा हातांना आल्या, मग मानेला, मग सगळीकडे, आणि मग ते दुखलं. फार दुखलं. अमर मेला होता. पवनीच्या रस्त्यावर, एकटा, मागे कोणी बोलत नसताना. विनोद रडायला लागला. टेबलावर डोकं ठेवून, मोठ्याने, नाक-तोंड एक करून. रस्त्याने जाणाऱ्या कोणीतरी शटरखाली वाकून बघितलं आणि निघून गेलं.

बेबीबाईने त्याला गप्प केलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. तिचे डोळे कोरडे होते. तिचं रडणं तिने त्या त्या वेळी करून टाकलं होतं. पडद्यावर छकडा हळूहळू कलू लागला होता, कारण आता समोर माणूस होता आणि तो चालवत नव्हता.

"उतरून राहिला तो," ती म्हणाली. "पाहा जरा."

विनोदने डोकं वर केलं. बाहीने तोंड पुसलं. समोरचं नीट दिसत नव्हतं. त्याने बटणं चाचपली, जहाज डावीकडे झुकलं, मग उजवीकडे, मग काळ्या जमिनीवरून कसंबसं सरळ झालं.

"मले चालवता येत नाही काकू."

बेबीबाईने भिंतीजवळचं स्टूल ओढून आणलं आणि त्याच्या मागे बसली. टेबलावरचा फोन कोडासाठी पुन्हा एकदा वाजला. तिने तो उचलला नाही.

"हळू चालव," ती म्हणाली. "मी आहो मांगं."